छावणीच्या बाहेर

दिवसभर मी मीटर वाचतो.
वडाळा, अँटॉप हिल, जिन्यांखालचे अंधार;
टॉर्च धरायचा, आकडे उतरवायचे, पुढचं घर.
संध्याकाळी दीनाआत्याकडे.
काचबिंदूने तिचे डोळे नेले
तेव्हापासून तिचं शास्त्रही मीच वाचतो.
"तुला तर वाचायचाच पगार," ती म्हणते,
"इथे फक्त चहा मिळेल."

ईस्टर झाल्यावर उत्पत्तीपासून सुरुवात केली.
तिची अट एकच.
अध्याय संपला की मी थांबायचं
आणि ती विचारणार, "तो कुठंय इथे?"
तो म्हणजे कोण, हे विचारायची सोय नाही.
त्या घरात तो म्हणजे एकच.

सुरुवातीला सोपं होतं.
पाठीवर लाकडं घेऊन डोंगर चढणारा मुलगा,
भावांनी विकलेला भाऊ,
चौकटीवरचं कोकराचं रक्त;
हुशार पोरासारखं मी बोट वर करायचो.
मग मंडपाच्या मेखा आल्या, कड्या आल्या, पडदे आले.
रेव्हरंड रणभिसे म्हणाले होते,
दिसेल त्या खुंटीला त्याचा अंगरखा लटकवू नका.
मी तिला सांगितलं.
"बरोबरंय त्यांचं," आत्या म्हणाली. "खुंटी सोड. माणूस शोध."

मग लेवीय, तेरावा अध्याय.
चट्टा कातडीहून खोल गेला का, केस पांढरा झाला का,
याजकाने बघावं, सात दिवस कोंडावं, परत बघावं.
ठरला अशुद्ध, तर त्याने कपडे फाडावे, ओठ झाकावे,
आपणच आपली दवंडी पिटावी
आणि छावणीच्या बाहेर एकटं राहावं.
मी भरभर वाचत होतो, आकडे उतरवतात तसं.
तिने हात वर केला.
"सावकाश. हा माझा वॉर्ड आहे."

एकतीस वर्षं ती कुष्ठरोग्यांची नर्स होती.
मला माहीत होतं,
म्हणजे एकतीस हा आकडा माहीत होता.
त्या संध्याकाळी तिने नावं सांगितली.
यल्लप्पा, ज्याची बोटं भाजायची
आणि वास आल्यावर त्याला कळायचं.
नलूबाई, जिच्या मुलाने फाटकापर्यंत आणून सोडलं
आणि पत्ता चुकीचा लिहून दिला.

"याजक किती वेळा बघतो, मोज."
मी मोजायला लागलो, मध्येच चुकलो, इतक्या वेळा.
"आता हात किती वेळा लावतो, ते मोज."
पान उलटलं. परत मागे आलो.
एकदाही नाही.
"मग?" ती म्हणाली. "जागा रिकामी आहे ना?
त्याचीच आहे ती."
चहा निवला होता. तिने तो तसाच घेतला.

पुढे महिने गेले. स्तोत्रं आली. एकशे सदतिसावं.
नदीकाठी रडणारी माणसं, झाडांना टांगलेल्या वीणा,
आणि शेवटी ते, खडकावर आपटायच्या लेकरांचं.
मला वाचवेना. पुस्तक मिटलं.
"इथे तो नाही, आत्या. इथे तरी नको शोधायला."
ती गप्प.
खाली कोणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं,
सुरूच होत नव्हती ती.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"आपटणाऱ्याच्या बाजूने शोधत असशील.
लेकरांत पाहिलंस?"
आणि मग, हळूच, "मलाही ते वाचून झोप येत नाही रे."

आज जिन्याखाली एक मीटर.
दोन महिन्यांत जेमतेम चार युनिट.
दर खेपेला असंच असतं; आकडा घेऊन निघतो मी.
दाराला कुलूप नव्हतं.
आत कुणीतरी खोकलं.
मी टॉर्च विझवला
आणि तिथेच उभा राहिलो,
आपण काय म्हणून हाक मारायची, ते न कळून.